रोव्हर ‘फिक्स’ झाला, बांधाचं काय?

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून फोनमधला मॅप उघडा. तुमचा निळा ठिपका कधी तळ्याच्या पाण्यात पोहत असतो, कधी मागच्या रस्त्यावर उभा असतो. मित्राला लोकेशन पाठवायला एवढं पुरतं. भेळेच्या गाडीपासून चार-पाच मीटर इकडंतिकडं झालं तरी तो हाक मारून सापडतो. आता हाच ठिपका गावाकडच्या रानात, तुमच्या आणि चुलत्यांच्या बांधावर नेऊन ठेवा. तिथं चार मीटर म्हणजे थेट कोर्टाची पायरी. चार मीटर कशाला, फूटभरावरून भाऊ-भाऊ दिवाळीला एकमेकांच्या दारात जायचे बंद झालेत. अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील.

म्हणून सध्या गावोगावी दिसणाऱ्या एका यंत्राकडं जरा नीट बघा. दोन मीटरची काठी, तिच्या टोकाला पांढरी, चपटी डबी आणि मध्ये मोबाइलसारखा कंट्रोलर. भूमी अभिलेखचे भूकरमापक आता मोजणीला हे घेऊन येतात. नाव रोव्हर. गावात त्याला ‘सॅटेलाइटची मोजणी’ म्हणतात आणि त्यापाठोपाठ एक वाक्य हमखास येतं : ‘आता वरनं सॅटेलाइटनंच दाखवलंय म्हटल्यावर बोलायचं काय?’

माझं भांडण या वाक्याशी आहे. रोव्हर उत्तम यंत्र आहे, पण बांध कुणाचा हे त्याला माहीत नसतं. ते फक्त ‘मी आत्ता कुठं उभा आहे’ एवढंच सांगतं. तेही कसं, ते समजून घेतल्याशिवाय मान डोलावू नका.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू आणि आपला नाविक असे आणखी भिडू आहेतच. उपग्रहाकडून सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं. हा सिग्नल प्रकाशाच्या वेगानं येतो, त्यामुळं घड्याळात एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३० सेंटीमीटरची चूक होते. वाटेतलं वातावरणही सिग्नलला रेंगाळायला लावतं. फोन हे सगळं सोसून अंदाजे जागा सांगतो. रोव्हरची युक्ती वेगळी आहे. एक यंत्र आधीच माहीत असलेल्या बिंदूवर गप्प उभं करायचं, तो बेस. त्याला स्वतःची खरी जागा ठाऊक असते, त्यामुळं आत्ता उपग्रह किती थापा मारतायत ते त्याला कळतं. ती दुरुस्ती तो फिरत्या रोव्हरला कळवत राहतो. दोघंही एकाच आकाशाखाली असल्यानं दोघांच्या चुका जवळजवळ सारख्याच असतात आणि वजा होतात.

पूर्वी हा बेस पथकालाच सोबत न्यावा लागायचा. ट्रायपॉड बिंदूच्या बरोबर वर आणायचा, बुडबुडा मध्यावर आणायचा, अँटेनाची उंची टेपनं मोजून कंट्रोलरमध्ये भरायची आणि दिवसभर गुरं-पोरं त्याला धडकणार नाहीत म्हणून एका माणसाला राखण बसवायचं. आता सर्व्हे ऑफ इंडियानं राज्यात सत्तरहून जास्त कायमची संदर्भ केंद्रं उभारली आहेत, त्यांना ‘कॉर्स’ म्हणतात. त्यांच्याकडून इंटरनेटवर दुरुस्ती मिळते. रोव्हरमध्ये सिमकार्ड, रेंज असली की काम सुरू. ही सोय मोठीच आहे. फक्त ‘रेंज असली की’ हे तीन शब्द गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाडीत उभं राहून म्हणून बघा.

आणि रेंज आली म्हणजेही काम झालं असं नाही. कंट्रोलरच्या स्क्रीनवर एक शब्द असतो, तो वाचायला शिका : ‘फिक्स’ की ‘फ्लोट’? रोव्हर सिग्नलच्या लाटा मोजतो. एक लाट साधारण १९ सेंटीमीटरची. शेवटच्या लाटेचा तुकडा केवढा, हे त्याला मिलिमीटरमध्ये कळतं, पण आधी पूर्ण लाटा किती गेल्या हे सुरुवातीला कळत नाही. तो आकडा पक्का सुटला की ‘फिक्स’, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटरची खात्री. सुटला नाही तर ‘फ्लोट’, म्हणजे वीतभर, हातभर, कधी त्याहून जास्त चूक. कंट्रोलर ‘फ्लोट’वरही अक्षांश-रेखांश तितक्याच ऐटीत, दशांशानंतरच्या आठ आकड्यांनिशी दाखवतो. आकडे बघून फसू नका.

आपल्याकडं ‘फ्लोट’ची कारणं कमी नाहीत. आडसाली ऊस डोक्यावरून गेलेला असतो. त्यात काठी धरून उभं राहिलं की वर आकाश टिचभर आणि ओली पानं सिग्नल अडवणार. विहिरीवरची पत्र्याची खोली, बांधावरचं आंब्याचं झाड, उभा केलेला ट्रॅक्टर यांच्यावर आपटून आलेला सिग्नल तर सरळ खोटं बोलतो. काठीचंही एक गणित आहे : दोन मीटरची काठी पाच अंशानं कलली तर वरची डबी सुमारे १७ सेंटीमीटर सरकते. नव्या यंत्रांत हा कल आपोआप दुरुस्त करायची सोय आली आहे, पण ती चालू आहे का आणि जुळवलेली आहे का, हे कुणीतरी बघायला लागतंच. शहाणा माणूस मोजणी तोड झाल्यावर करतो, काम सुरू करताना एका ओळखीच्या बिंदूवर रीडिंग घेतो आणि संपवताना परत त्याच बिंदूवर येऊन घेतो. दोन्ही जुळली तरच दिवसाचं काम धरायचं. या दोन रीडिंगना मिळून दहा मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्याच्या मोजणीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता समजा, सगळं नीट झालं. आकाश मोकळं, बुडबुडा मध्यावर, स्क्रीनवर ‘फिक्स’. मग बांध सुटला? इथंच खरी गोम आहे.

तुमच्या रानाची हद्द मुळात सॅटेलाइटनं ठरलेली नाही. ती टिपणावरून, फाळणीवरून, गाव नकाशावरून ठरते आणि हे जुने कागद साखळीनं मोजून केलेले. ती साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६, त्या प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आपण आजही प्लॉट गुंठ्यात घेतो ते त्या साखळीमुळं. आता हिशेब करा : एक आणा म्हणजे जवळजवळ ६३ सेंटीमीटर. पाव आण्यापर्यंत काटेकोर मोजलं असं धरलं तरी १६ सेंटीमीटर. त्यात उन्हानं तापलेली साखळी, चढउताराची जमीन, घड्या पडून फाटलेला नकाशा. म्हणजे एका बाजूला दोन सेंटीमीटरचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला वीतभर पुढंमागं असलेला कागद. त्या कागदावरची रेघ जमिनीवर कुठं उतरवायची, हे रोव्हर ठरवत नाही. जुने हद्दीचे दगड, विहीर, ओढा, शिवेवरचं झाड यांची मापं घेऊन जुना नकाशा त्यावर बसवायचा, हे काम भूकरमापकाचं. कुठली खूण खरी मानायची, कुठली हललेली, हा निर्णय माणसाचा असतो. शंभर मीटर लांबीच्या बांधावर ३० सेंटीमीटर इकडंतिकडं म्हणजे ३० चौरस मीटर, एका गुंठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गावठाणालगत किंवा हायवेच्या कडेला त्याचा भाव काय होतो, ते घरी विचारा.

यंत्र बारीक आणि पाया कच्चा, हा खेळ महाराष्ट्रानं आधीही बघितलाय. इंग्रजी अमलात १८३०च्या आसपास पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं जमिनीची मोजणी आणि आकारणी केली. कागदावर ती अतिशय शास्त्रशुद्ध होती. पण शेतावरची मापं आणि प्रती ठरवणाऱ्यांनी त्यात इतका गोंधळ आणि लबाडी केली की ती पद्धत टिकली नाही. पुढं १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी साध्या, गावकऱ्याला समजेल अशा पद्धतीनं काम परत सुरू केलं आणि त्या वळणावर आपली सर्व्हे पद्धत उभी राहिली. इतिहासाच्या पेपरात हे दोन मार्कांना येतं. रानात त्याची किंमत जास्त आहे.

डेटमचंही तसंच. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीवर बेतलेले, उपग्रह डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्ही आकडे न बदलता एकमेकांत मिसळले तर बिंदू तुमच्या रानातून उठून दुसऱ्याच्या रानात जाऊन बसतो. (१८०२ मध्ये ही महामोजणी सुरू करणारा लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला काम करता करताच गेला. त्याची कबर तिथं आहे.) उंचीची गंमत तर कोल्हापूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी. उपग्रह जी उंची सांगतो ती गणितातल्या गुळगुळीत पृथ्वीपासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. पूररेषेच्या आत की बाहेर, यावर ज्या शहरात प्लॉटचा भाव ठरतो, तिथं ‘लेव्हल काढलीय’ म्हणणाऱ्याला ‘कुठल्या शून्यापासून?’ एवढं विचारायलाच हवं.

सिव्हिलवाल्यांनो, आयटीआयला सर्व्हेअर ट्रेड करणाऱ्यांनो, हे तुमचं उद्याचं काम आहे. तुमच्या सर्व्हे कॅम्पमध्ये कॉलेजचं ग्राउंडच परत परत मोजू नका. जवळचं एक गाव घ्या. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन शिवेचे दगड शोधा, प्रत्येकाचं रीडिंग घ्या, फोटो काढा. नांगरट, जेसीबी आणि २०१९, २०२१ चे महापूर यांतून जे दगड वाचलेत ते आणखी किती वर्षं राहतील? आणि बीए-बीकॉमवाल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. सातबारावर उद्या तुमचंही नाव लागणार आहे.

खात्याकडूनही एक मागायला हवं. मोजणीनंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीवर हद्दीच्या प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश तर हवेतच. पण त्याबरोबर तो बिंदू ‘फिक्स’वर घेतला का, अचूकता किती आणि जुन्या कुठल्या खुणा धरून नकाशा बसवला, हेही छापून यावं. रोव्हरमध्ये यातली बरीचशी माहिती आपोआप साठतेच. ती शेतकऱ्याच्या हातात दिली तर पुढच्या मोजणीला पुन्हा शून्यापासून भांडावं लागणार नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला जिल्ह्यात एवढा विरोध का झाला याची कारणं मोठी आहेत, पण काठी घेऊन रानात शिरणारा माणूस नेमकं काय लिहून नेतो हे कुणीच सांगत नाही, ही भीतीही त्यात आहेच.

तोवर आपण एवढं करायचं. मोजणीची नोटीस लगतच्या शेतकऱ्यांनाही येते. ती आली की त्या दिवशी लेक्चर बुडवा, हजेरीचं बघता येईल. कंट्रोलरमध्ये डोकावून ‘साहेब, फिक्स आहे का?’ म्हणून विचारा, राग येऊ न देता. कुठला दगड धरला ते विचारा आणि लिहून ठेवा. पटलं नाही तर तिथंच हमरीतुमरी नको, निमताना मोजणीचा अर्ज करता येतो, त्यावर वरचा अधिकारी परत मोजतो. आणि मोजणीत कळलं की बारा वर्षांपेक्षा जास्त काळ तुमचं रान त्यांच्याकडं आणि त्यांचं तुमच्याकडं कसलं जातंय, तर २०२३ पासून सलोखा योजना आहे. एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. चुलत्यांकडं हा विषय काढायला कोण जाणार, हे मात्र घरात आधी ठरवा. आजी गेली तर काम लवकर होतं.