वाट विचारण्याचा धडा

इंग्रजीच्या आरंभीच्या पुस्तकांत दोन छोटे पाठ हमखास असतात. एकात प्रवासाच्या साधनांची तुलना असते, दुसऱ्यात वाट विचारणे आणि वाट सांगणे. परीक्षेत त्यांना गुण थोडे, म्हणून शिकवणारेही ते घाईने उरकतात. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे, की आपल्या निवासी शाळेतील मुलांच्या दृष्टीने याहून मोलाचे पाठ त्या पुस्तकात क्वचितच असतील.

हे शहाणपण आम्हाला एका माजी विद्यार्थ्याने दिले. तो भरती परीक्षेसाठी परराज्यातील एका शहरात गेला होता. पहाटे स्थानकावर उतरला. हातात परीक्षा केंद्राचा पत्ता लिहिलेला कागद होता. कोणाला विचारावे, कोणत्या शब्दांनी आरंभ करावा, समोरचा हसेल का, या विचारांत तो तासभर फलाटावरच उभा राहिला. केंद्रावर पोहोचला तेव्हा फाटक बंद झाले होते. परत आल्यावर तो म्हणाला, “सर, ‘गो स्ट्रेट’, ‘टर्न लेफ्ट’ सगळे पाठ होते. पण ‘एक्स्क्यूज मी’ म्हणायला तोंडच उघडले नाही.” वाट सांगण्याच्या प्रश्नात याच मुलाला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले होते. ते गुण त्याचे नव्हते. त्याच्या पाठांतराचे होते.

हा संकोच एकट्या त्या मुलाचा नाही. त्याची मुळे जुनी आहेत. 1901 साली नऊदहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाडी न्यायला गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार झाला. तो गाडीबरोबर पायी चालला. रात्री जकात नाक्यावर पाणी मागताना भीमरावांनी आपली ओळख लपवली आणि ते उर्दूत बोलले. तरीही पाणी मिळाले नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणून केवळ भाषा आली की सर्व दारे उघडतात, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या समाजाला वाटेवर तोंड उघडण्याचीही धास्ती बाळगावी लागली, त्याच्या लेकरांना वाट विचारण्याचा सराव जाणीवपूर्वक द्यावा लागतो. तो आपोआप येत नाही.

आता तुलनेचा पाठ पाहू. मराठीत ‘पेक्षा’ लावले की काम भागते. विशेषण तसेच राहते. इंग्रजीत विशेषणच रूप बदलते. ‘चीप’चे ‘चीपर’ होते, ‘फास्ट’चे ‘फास्टर’. ‘कम्फर्टेबल’सारख्या लांब शब्दाआधी मात्र ‘मोअर’ घालावे लागते. मुले दोन्ही एकत्र करून ‘मोअर चीपर’ म्हणतात, आणि ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’च्या चालीवर ‘बाय फूट’ म्हणून मोकळी होतात. या चुका सहज सुधारतात. खरी अडचण उदाहरणांची आहे. ज्याने विमान केवळ आकाशात पाहिले आहे, त्याला विमान आणि मेट्रो यांची तुलना करायला लावले, की तो विचार करणे सोडून घोकायला लागतो.

म्हणून आम्ही उदाहरणे बदलली. पालकभेटीच्या दिवशी तुझ्या घरची माणसे शाळेत कशी येतात, हे विचारू लागलो. एसटी, काळीपिवळी, पॅसेंजर गाडी, शेजाऱ्याची मोटारसायकल, असे सगळे वर्गात आले आणि वाक्ये जिवंत झाली. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते. त्यामुळे एक मुलगी म्हणाली, “द बस इज चीपर फॉर माय मदर.” त्या ‘फॉर माय मदर’मध्ये तुलनेचे सारे मर्म आले. स्वस्त म्हणजे कोणासाठी स्वस्त? दुसऱ्या एकाने सांगितले, की रेल्वेचे तिकीट कमी असले तरी तिच्या वेळेपायी बाबांचा अख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते. म्हणून बसच परवडते. पुस्तकातील ‘स्वस्त’ आणि घरातील ‘परवडणारे’ यांतला फरक सहावीतल्या मुलाने इंग्रजीच्या तासाला उलगडून दाखवला.

वाट सांगण्याचा पाठ याहून नाजूक आहे. आपल्या गावांकडे डावे-उजवे फारसे कोणी सांगत नाही. ‘पाराच्या पुढं’, ‘नाल्याच्या पल्याड’ एवढ्यावर माणूस पोहोचतो. शहरात मात्र डावे-उजवे लागते, आणि समोरासमोर उभे राहिले तर सांगणाऱ्याचे डावे ते विचारणाऱ्याचे उजवे होते. म्हणून आम्ही मुलांना आधी एक गोष्ट शिकवतो: विचारणाऱ्याच्या शेजारी जाऊन, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा, मग हात दाखवा.

पाठाच्या शेवटी प्रत्येकाने बसथांब्यापासून आपल्या घरापर्यंतची वाट सांगायची असते. तेथे काही मुले अडखळतात. इंग्रजी अडत नाही. वस्तीचे नाव अडते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. परंतु कागदावरचे नाव बदलले तरी लोकांच्या जिभेवरचे बदलायला वेळ लागतो. अशा वेळी एखादा मुलगा मान वर करून “माय हाऊस इज बिहाइंड द बुद्ध विहार” म्हणतो, तेव्हा तो व्याकरणाच्या पलीकडचे काहीतरी बोलतो. नाक्यावर बाल भीमरावांना ओळख लपवावी लागली होती. हा मुलगा आपला पत्ता उघड सांगतो.

तथागतांनीही वाट सांगण्याचा दाखला दिला आहे. मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात ते राजगृहाची वाट विचारणाऱ्या दोन माणसांची गोष्ट सांगतात. दोघांना सारखीच वाट सांगितली जाते: काही अंतर गेल्यावर अमुक गाव, पुढे अमुक नगर. एक पोहोचतो, दुसरा भलतीकडे जातो. सांगणारा तरी काय करणार? आपण केवळ मार्ग दाखवणारे आहोत, असे भगवंत तेथे स्पष्ट करतात. शिक्षकाची मर्यादाही हीच. चालायचे मुलांनीच. पण वाट नीट सांगितली होती, असे म्हणण्याचा अधिकार आधी आम्ही कमावला पाहिजे.

काही पालक विचारतात, की आता मोबाईलच रस्ता दाखवतो, मग हा खटाटोप कशाला? मोबाईल रस्ता दाखवतो, हे खरे. पण फलाट बदलला, बस रद्द झाली, चार्जिंग संपले, की शेवटी माणसालाच विचारावे लागते. आणि मोबाईलला विचारताना धीर लागत नाही. म्हणूनच त्याने धीर वाढतही नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. हे पाठ बाकावर बसून न घेता शाळेच्या आवारात, विहारापासून भोजनगृहापर्यंत आणि पुढे बसस्थानकापर्यंत चालत घ्यावेत. त्यांची परीक्षा तोंडी असावी. चुकीच्या ‘मोअर चीपर’चे गुण कापू नयेत, गप्प राहण्याचे मात्र कापावेत. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येताना शाळेच्या फाटकाशी अनोळखी प्रवासी व्हावे, आणि जो मुलगा पुढे येईल त्याला इंग्रजीत कार्यालयाची वाट विचारावी. पालकांनी घरी येणाऱ्या प्रवासाचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा आणि तिकीट त्यांनाच काढू द्यावे. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही.

त्या माजी विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. निकालापेक्षाही त्याने फोनवर जे सांगितले ते आम्हाला मोठे वाटले. “सर, या वेळी उतरल्याबरोबर विचारले. तिघांना विचारले. तिसऱ्याने केंद्रापर्यंत आणून सोडले.”

नमो बुद्धाय, जय भीम.