'दाता' कोण, हे सांगाल काय?

मध्यंतरी कृत्रिम दात बसवून घेण्यासाठी आम्ही वडोदऱ्यातील एका दंतवैद्यांकडे गेलो. जबड्याचे हाड झिजले असल्याने आधी 'बोन पावडर' भरावी लागेल, असे सांगून इंग्रजी संमतिपत्र पुढे ठेवण्यात आले. उभी हयात सरकारी कागद वाचण्यात गेलेली; सहीपूर्वी वाचले. 'झेनोग्राफ्ट' या शब्दाचा अर्थ विचारता 'डोनर मटेरियल' एवढेच उत्तर मिळाले. घरी शोध घेतला, तेव्हा कळले की दंतोपचारातील अशी भुकटी बहुधा गोवंशाच्या हाडांची असते.

वास्तविक शब्द चारच आहेत. रुग्णाच्याच हनुवटीतून वा टाळूतून घेतलेला भाग तो 'ऑटोग्राफ्ट'; दुसऱ्या माणसाचा, बहुधा मृताचा, तो 'ॲलोग्राफ्ट'; अन्य प्राण्याचा तो 'झेनोग्राफ्ट'; आणि कॅल्शियम फॉस्फेटसारखा कृत्रिम पदार्थ तो 'ॲलोप्लास्ट'. म्हणजे 'ॲलो' हे एकच उपपद मानवी अस्थीलाही लागते आणि कारखान्यातील भुकटीलाही! 'डोनर' तर त्यावरही कडी करतो. दाता कधी रुग्ण स्वतः, कधी मृत मनुष्य, कधी कत्तलखान्यातील जनावर. नेत्रदान आणि देहदान हे शब्द आपण आदराने उच्चारतो, कारण दानामागे इच्छा असते. बैलाची इच्छा कोणी विचारली होती?

यावर म्हटले जाईल की, प्रक्रियेत त्यातील सेंद्रिय अंश काढून टाकतात, मागे खनिजच उरते; मग रुग्णाला कशाला बिचकवावे? आमचा वाद शास्त्राशी नाहीच. ज्याला ते मान्य असेल त्याने खुशाल घ्यावे. परंतु 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कक्षेत 2011 च्या दुरुस्तीने मानवी ऊतीही आल्या, देणाऱ्याच्या संमतीची काळजी घेतली गेली. मग ज्याच्या जबड्यात वस्तू जाणार, त्याची संमती अज्ञानावर का उभी असावी?

याच नगरीत सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला आणि कारभारातील इंग्रजी शब्दांना देशी भाषांतील प्रतिशब्द मिळाले. कारभारासाठी जे झाले, ते देहासाठी का होऊ नये? आंब्याचे कलम आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मग स्वकलम, मानवकलम, प्राणिकलम, कृत्रिम कलम असे लिहिण्यास कोणती अडचण आहे?

आम्ही त्या दिवशी सही केली नाही. पुढे कृत्रिम पदार्थ मागून घेतला. वाचकांनीही सहीपूर्वी एवढेच विचारावे : हे कोणाचे? उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवावी.