गडचिंचल्यावर बोलणाऱ्यांनाही जाब विचारा

१६ एप्रिल २०२०च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतच्या गडचिंचले गावात जमावाने तीन माणसे ठार मारली. दोघे जुना आखाड्याचे साधू होते, तिसरा त्यांच्या गाडीचा चालक. टाळेबंदीत कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेली ही गाडी वनखात्याच्या चौकीपाशी अडवली गेली. पोलीस पोहोचले, पण त्यांच्या डोळ्यांदेखत तिघांचे जीव गेले. तीन दिवसांनी चित्रफीत देशभर पसरली आणि वाहिन्यांवर दिवसरात्र चर्चा सुरू झाल्या. त्या चर्चांमध्ये मृतांची संख्या बहुतेक वेळा दोनच असे. चालकाच्या मरणाचा कोणत्याच बाजूला उपयोग नव्हता, म्हणून तो मथळ्यांतून गळला. राजकीय भाष्यकारांना आपण जो मान देतो तो काढून घ्यावा, असे मला वाटते. त्यांची भाषा तिखट असते, ही माझी तक्रार नाही. घटना कुठे, कशी आणि का घडली हे त्यांना जाणूनच घ्यायचे नसते, ही तक्रार आहे.

२१ एप्रिलला रिपब्लिक वाहिनीवर अर्णब गोस्वामी यांनी या घटनेचा रोख थेट सोनिया गांधी आणि त्यांच्या इटालियन मुळाकडे वळवला. घटनेला धार्मिक रंग दिला जात असल्याने दुसऱ्या दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले. आरोपींचा धर्म सांगितल्याशिवाय खुनाचा तपास पुढे जात नाही, अशी वेळ सरकारवर येते तेव्हा स्टुडिओतली चर्चा किती खोलवर शिरलेली असते, हे कळते. मुसलमानांवरचा आळ टिकेना, तेव्हा तो कम्युनिस्टांवर आणि मिशनऱ्यांवर गेला. डहाणूचा आमदार मार्क्सवादी पक्षाचा, तेवढा पुरावा पुरला. उलट बाजूनेही तेच झाले. गावची सरपंच भाजपची आहे, असे सांगून राज्यातल्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे लोक मोकळे झाले. या आरोपांवर आरोप करणाऱ्यांचा स्वतःचा तरी किती विश्वास होता? नोव्हेंबर २०२५मध्ये, ज्या स्थानिक नेत्याकडे या प्रकरणावरून भाजपने बोट दाखवले होते, त्यालाच त्या पक्षात प्रवेश मिळाला. गदारोळ झाल्यावर तो स्थगित केला, आणि आरोपपत्रात त्याचे नाव नाही, हेही पक्षातूनच सांगितले गेले. मग पाच वर्षे त्याच्याबद्दल जे बोलले गेले, ते कशाच्या आधारावर?

घटनेचे खरे धागेदोरे कासा-डहाणूच्या पाड्यांवरच होते आणि ते शोधायला फार कष्ट नव्हते. टाळेबंदीत मुले पळवणारी, किडन्या काढणारी टोळी रात्री फिरते, अशा अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. माणसे काठ्या घेऊन पहारे देत होती. त्याच आठवड्यात सारणी गावाजवळ एका डॉक्टरच्या गाडीवर जमावाने हल्ला केला होता आणि त्याला सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मारा सोसावा लागला होता. तो डॉक्टर याच भागात काम करणारा, आदिवासींमध्ये वावरणारा माणूस होता. तोही सुटला नाही, तर परक्या गाडीचे काय होणार, हे ओळखण्यासाठी कोणत्या गुप्तचर यंत्रणेची गरज होती? पहाऱ्यांना परवानगी कोणी दिली, सारणीनंतर पाड्यापाड्यांवर कोण गेले, वारली भाषेत अफवेचे खंडन कोणी केले, हे प्रश्न प्राइम टाइमला आले नाहीत. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला होता. तेही भिक्षेवर जगणारे, गोसावीच. त्यांच्यासाठी मात्र राष्ट्रीय वाहिन्यांना असा संताप आला नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांविषयीच्या तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचा आणि जलदगती न्यायालयांचा आदेश दिला. पालघरमध्ये या आदेशाचे काय झाले, एवढा एकच प्रश्न लावून धरला असता तरी चर्चेचे सोने झाले असते.

हा रोग आपल्यापुरता नाही. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड शहरातले हैतीचे स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरे खातात, अशी अफवा डोनाल्ड ट्रम्प यांनी अध्यक्षीय वादचर्चेत कोट्यवधी लोकांसमोर सांगितली. असा एकही विश्वसनीय प्रकार आढळला नसल्याचे शहराच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले होते. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनीही या अफवेचे खंडन केले. तरीही बॉम्बच्या धमक्या येऊन शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. बोलणारे दूर राहिले आणि भोगले गावाने. तिथे निदान एक हिशेब झाला. २०२०च्या निवडणुकीविषयीच्या खोट्या दाव्यांबद्दल फॉक्स न्यूजला मतदान यंत्रांच्या डोमिनियन कंपनीला एप्रिल २०२३मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले. पण डोमिनियनकडे वकिलांची फौज होती. स्प्रिंगफील्डच्या मजुराकडे किंवा गडचिंचल्याच्या वारली कुटुंबाकडे ती नसते.

यावर कोणी म्हणेल, वाहिन्यांनी आरडाओरड केली नसती तर प्रकरण दडपले गेले असते. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. कासा ठाण्यातल्या अधिकाऱ्यांचे निलंबन आणि पोलीस अधीक्षकांची सक्तीची रजा, ही कारवाई बोभाटा झाल्यावर झाली. पण पोलीस हतबल उभे आहेत, हे चित्रफितीने दाखवले. सोनिया गांधींवरच्या भाषणाने त्यात काय भर घातली? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाष्यकारांना जाब विचारला की स्वातंत्र्याचा गळा घोटला जातो. म्हणूनच गोस्वामींवर राज्याराज्यांत गुन्हे नोंदवणे मला चूक वाटते. १९ मे २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने एक वगळता बाकीचे गुन्हे रद्द केले, ते योग्यच झाले. भाष्यकाराला पोलिसांनी बोलावू नये, पण प्रेक्षकांनी जरूर अडवावे. पत्रे लिहावीत, जाहिरातदारांना विचारावे, गावात आलेल्या प्रवक्त्याला त्याचे जुने बोलणे ऐकवावे. मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. लोकशाहीत मात्र तो नागरिकाचा हक्क आहे, आणि तो डहाणू-तलासरीच्या माणसालाही तितकाच आहे जितका नोएडातल्या निवेदकाला.

एप्रिल २०२३मध्ये तपास सीबीआयकडे देण्याची तयारी राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितली, तेव्हा २०२०सारखी चर्चासत्रे भरली नाहीत. ज्या वाहिनीने गडचिंचल्यावर रात्री जागवल्या, तिने खटल्याची प्रत्येक तारीखही प्रेक्षकांना सांगावी. मृतांची नावे घेताना तिसरेही नाव घ्यावे. आणि पालघरचा नोडल अधिकारी कोण, पाड्यांवरच्या अफवा रोखण्यासाठी त्याने काय केले, हे कॅमेऱ्यासमोर विचारावे.