आठ तालुके, सेटिंगची एक फाइल

संगणकावर पासवर्ड किती अक्षरी असावा, स्क्रीन कधी लॉक व्हावी, पेनड्राइव्ह चालावा का, हे बहुतेक कार्यालयांत ऑपरेटर माउसने क्लिक करत ठरवतो. त्याची बदली झाली किंवा मशीन फॉरमॅट झालं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही सेटिंग स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडच्या एका फाइलमध्ये, लिहून ठेवली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

2025 मध्ये जालना जिल्ह्यातला अंबड-घनसावंगीचा अतिवृष्टी अनुदान घोटाळा गाजला, तेव्हा अधिकाऱ्यांच्या लॉगिन-पासवर्डच्या गैरवापराचे आरोप झाले. पैसा शेतकऱ्यांच्या वाट्याचा होता. आपला पासवर्ड आपणहून दुसऱ्याला देणाऱ्याला कुठलीही स्क्रिप्ट अडवू शकत नाही. पण साहेब जेवायला गेले आणि अनुदानाचं पोर्टल उघडंच राहिलं, किंवा पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन झाला, ही दारं तरी नक्की बंद करता येतात.

क्रोमची ‘पासवर्ड जतन करू का?’ ही विचारणा थांबवायला विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या धोरणांच्या कप्प्यात ‘पासवर्डमॅनेजरएनेबल्ड’ या नावाने शून्य लिहायचं. कमांडची एक ओळ पुरते. आधी जतन झालेले पासवर्ड मात्र हातानेच पुसावे लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं. आणखी एका ओळीत 900 सेकंद हात लागला नाही तर स्क्रीन लॉक. ‘नेट अकाउंट्स’ या कमांडच्या ओळीत विंडोजचा पासवर्ड किमान 12 अक्षरी, पाच वेळा चुकला की खातं बंद.

जिथे सगळे संगणक एका डोमेन सर्व्हरला जोडलेले आहेत तिथे ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून लागू होणारी धोरणं, साधारण दर 90 मिनिटांनी आपोआप ताजी होते. सुट्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘एलजीपीओ’ हे मोफत साधन आहे: एका संगणकाची धोरणं फाइलमध्ये काढा, दुसऱ्यावर चढवा. विंडोज होममध्ये पॉलिसी एडिटर मिळत नाही, पण वरच्या कमांड तिथेही चालतात. नुसती स्क्रिप्ट चालवून उठू नये. रजिस्ट्रीत आणि ‘नेट अकाउंट्स’मध्ये प्रत्यक्ष काय लागू झालं ते वाचावं. प्रत्येक ओळीशेजारी कारण आणि तारीखही लिहावी, म्हणजे नव्या माणसाला ती का टाकली ते कळेल.

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा: आठही तालुक्यांसाठी एनआयसीच्या जिल्हा केंद्राने अशी एकच फाइल ठेवावी, शासकीय तंत्रनिकेतनाच्या मुलांना मदतीला घ्यावं. सुरुवात एका कार्यालयातल्या एकाच मशीनवर करावी, आणि त्याआधी जुन्या सेटिंगची प्रत न चुकता काढून ठेवावी.