रंगाचा बाजार आणि मुलींचा आत्मसन्मान

देऊळघाट असो वा पुणे, मुलगी वयात आली की ‘उन्हात फिरू नकोस, काळवंडशील’ हे ती प्रथम घरातच ऐकते. यासाठी केवळ आईला, आजीला दोष देणे अन्यायाचे होईल. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी सावळ्या रंगाची भरपाई अजूनही पैशाने मागितली जाते. आईच्या धाकामागे हाच हिशेब असतो. भांडवलाने या भीतीचा माल केला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आले. २०२० साली नावातील ‘फेअर’ गेले, धंदा मात्र टिकला.

बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषी मापदंडांना जाब विचारला होता. तो वारसा पुढे न्यायचा, तर मुलींभोवतीची नाती बदलली पाहिजेत. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एकाच मैदानावर आणले. खेळात, श्रमात, मैत्रिणींच्या सोबतीत मुलीला आपल्या शरीराचे सामर्थ्य उमगते. गावोगाव अशी मैदाने उभी करणे हे पक्षकार्यच होय. मात्र कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरी मुलगी ‘दाखविण्या’चा कार्यक्रम होत असेल, तर समतेच्या घोषणेवर कोण विश्वास ठेवील?