मल्लाची वर्दी आणि राज्याचे देणे

एखाद्या खेड्यातल्या मल्लाला सरकारने फौजदार किंवा पोलीस उपअधीक्षक केले की गावात हलगी वाजते, फेटे बांधले जातात आणि पुढाऱ्यांची भाषणे होतात. या आनंदात खोटे काही नसते. पिढ्यान्‌पिढ्या साहेबांपुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या घरातला मुलगा स्वतः अधिकाराच्या खुर्चीवर बसतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने अशा प्रसंगी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या मुलाला तिथवर पोहोचवण्याचा खर्च कोणी सोसला? आणि नोकरी दिल्यानंतर राज्याने त्याच्याशी कसा व्यवहार केला?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे खाशाबा जाधव यांच्या आयुष्यात सापडतात. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. त्या वेळी प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला, लोकांच्या राज्याची तिजोरी मात्र लोकांच्या मल्लासाठी अजून उघडली नव्हती. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांना दारोदार हिंडावे लागले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. उरलेले गावोगावच्या वर्गणीतून आले. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली, आणि पुढे कुस्त्यांचे फड भरवून खाशाबांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. सत्तावीस वर्षे सेवा करून सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले आणि त्यानंतर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल आणि कुस्तीतले दुसरे पदक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. हा विलंब काही मनगटातल्या ताकदीच्या अभावामुळे झालेला नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे गुंतवणूक आणि जोखीम कुटुंबाची, आणि प्रतिष्ठेचा लाभ राज्याचा, अशी विभागणी आहे. दूध, तूप, बदाम, तालमीतले राहणे, वस्तादांचा मान, प्रवास हा सारा खर्च दहा-बारा वर्षे दोन-चार एकरांचे शेत सोसते. शंभर पोरांतून एखादाच शिखरावर पोहोचतो. तो पोहोचला की सरकार हार घेऊन येते. ज्यांचा गुडघा निखळला, खांदा मोडला, त्या नव्व्याण्णवांच्या नावे कोणत्याही अंदाजपत्रकात रकाना नसतो.

आजची स्थिती खाशाबांच्या काळापेक्षा सुधारलेली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे यांना पोलीस उपअधीक्षकपदी थेट नेमण्यात आले. यावर आक्षेप असा घेतला जातो की, रात्रंदिवस अभ्यास करून स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या गरीब मुलावर हा अन्याय नाही काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. सार्वजनिक पद हे बक्षीस नव्हे. ते जनतेचे काम आहे. म्हणून मल्लाला पद देताना त्या पदाचे पुरते प्रशिक्षण आणि तेवढेच उत्तरदायित्वही दिले पाहिजे. परंतु खरी चूक आरक्षणात नसून क्रमात आहे. पदक मिळाल्यावर मोठी खुर्ची देण्यापेक्षा पदकापूर्वी छोटी, पण नियमित शिष्यवृत्ती देणे अधिक न्यायाचे आणि एकूण हिशेबात स्वस्तही ठरेल.

बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तर हा प्रश्न अधिक ठळक होतो. २०१८ साली जालन्याच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरीची गदा बुलढाण्याच्या नावावर लागली. ती मिळवणारे बाला रफिक शेख मूळचे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे. त्यांची घडण कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत झाली. यात त्या गुणी मल्लाचा काही दोष नाही. त्यांचा विजय बुलढाण्याने अभिमानाने मिरवावा. पण जिल्ह्याचे नाव राखायला मल्ल बाहेरून यावा लागतो, याचा अर्थ जिल्ह्याने आपली माती कसलेली नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांचा आश्रय आणि खासबागेचे मैदान मिळाले. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधने दिली. वऱ्हाडात ना तसा राजा होता, ना तशी साखर. येथे कापूस आणि सोयाबीन आहे, आणि शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये समाविष्ट झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी बुलढाणा एक आहे. ज्या घरात बियाण्याचे कर्ज फिटत नाही, त्या घराने पोराला खुराक कोठून द्यावा? तरीही राजाश्रयावाचून काही उभेच राहत नाही, असे नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ लोकांच्या बळावर उभे आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. सरकारी नोकरी मल्लाला आधार देते, तशीच ती त्याच्या तोंडाला कुलूपही लावू शकते. २०२३ साली कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया दिल्लीच्या रस्त्यावर बसले, तेव्हा ते रेल्वेचे नोकर होते. पुढे २०२४ मध्ये विनेश आणि बजरंग यांनी राजकारणात उतरण्यापूर्वी त्या नोकरीचा राजीनामा दिला. चाकरी आणि न्याय यांत निवड करण्याची पाळी ज्या व्यवस्थेत येते, तिथे खेळाडूला अधिकारी केल्याचा गौरव पोकळ ठरतो.

म्हणून बुलढाण्यातील कार्यकर्त्यांनी हा विषय सत्कारसमारंभांवर सोडू नये. प्रत्येक तालुक्यात गादीची सोय असलेली एक सार्वजनिक तालीम, मुलींना तिथे समान प्रवेश, वस्तादांना नियमित वेतन, होतकरू मल्लांना खुराकाची शिष्यवृत्ती, जायबंदी होणाऱ्यांसाठी विमा आणि निवृत्त खेळाडूंना वेळेवर निवृत्तिवेतन या मागण्या जिल्हा नियोजन समितीपुढे मांडल्या पाहिजेत. दरवर्षी १५ जानेवारीला खाशाबांच्या तसबिरीला हार घातला जातो. त्याच दिवशी या मागण्यांवर वर्षभरात किती पैसा खर्च झाला आणि तो कोणापर्यंत पोहोचला, याचा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांपुढे ठेवावा, असा आग्रह धरणे हे आपले काम आहे.