पालकसभेची चिठ्ठी

शाळेतून पालकसभेची चिठ्ठी आली की पुष्कळ घरांत ती गृहस्थांच्या हाती दिली जाते, आणि ते कचेरीची सबब सांगून मोकळे होतात. गृहिणी म्हणते, ‘मला त्यातले काय कळते?’ वस्तुतः तिलाच अधिक कळते. मुलगी शाळेत दिवसभर पाणी का पीत नाही, हे हजेरीपटावरून शिक्षकांना उमगत नाही. शौचालयाला कडी नाही, हे ती आईलाच सांगते. ती गोष्ट घरातच राहिली, तर एखादे वेळी मुलीची शाळाच कायमची सुटते.

पालकांच्या बोलण्याला आता कायद्याचा आधार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे, हे या समितीचे काम. तेव्हा कडी मागणे म्हणजे कोणाच्या कृपेची याचना नव्हे.

सभेत आपल्याच मुलाच्या गुणांचे गाऱ्हाणे मांडीत बसणारे पालकही असतात. शिक्षक कंटाळतात ते त्यांनाच. ते बोलणे निराळे, एकांतात करावे. सभेत कडीविषयी बोलावे, नळाविषयी बोलावे, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे उठण्यापूर्वी पाहून घ्यावे.